लिंबाच्या पानांवरील नागमोडी रेघा

लिंबाच्या कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा दिसल्या की गोगलगाय फिरून गेली असावी, असे आपल्याला वाटते. खरे पाहता हे काम नागअळीचे. तिचा पतंग जेमतेम २-३ मिलिमीटर लांबीचा. मादी कोवळ्या पानावर अंडी घालते. अळी पानाच्या सालीखाली शिरून पोखरत जाते व शेवटी पानाची कड दुमडून तेथे कोष करते. सालीआड असल्याने वरून मारलेले औषध तिला सहसा लागत नाही. मोठे झाड हे सोसते. लहान रोपांना मात्र जपावे, कारण याच जखमांतून खैऱ्या रोग शिरतो. म्हणून आम्ही सुचवतो : नवी पालवी फुटताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा, नत्रखत बेताने द्यावे. रेघा पडलेली हिरवी पाने ओरबाडू नयेत. तीही झाडाला अन्न पुरवतात.