पाठीवरचे बिनतारी केंद्र

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओचालक म्हणजे 'हॅम' मंडळी निरोप पोचविण्यासाठी धावून गेली. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, तोरणमाळकडील डोंगरांत पावसाळ्यात रस्ता आणि मोबाईल दोन्ही बंद पडले, तर असे केंद्र पाठीवरूनच न्यावे लागेल. म्हणून ते हलके हवे.

हलकेपणा कोठे साधावा? ५ वॅटचा लहान संच साधारण १ किलोचा असतो. खरे ओझे बॅटरीचे. १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीऐवजी तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतल्यास वजन सुमारे निम्म्यावर येते. एरियलचा खांब वाहून नेऊ नये. बांबू जागेवर मिळतो. ७.१ मेगाहर्ट्झसाठी तारेचे सुमारे १० मीटरचे दोन तुकडे घ्यावेत. मध्ये केबल जोडून तो भाग ५-६ मीटर उंच बांधावा आणि दोन्ही टोके नायलॉन दोरीने खाली ताणावीत.

वॉकीटॉकीच्या लहरी डोंगर आडवा आला की अडतात. या बुटक्या एरियलच्या लहरी मात्र दिवसा वर जाऊन आयनांबरातून परततात आणि पलीकडच्या दरीतही उतरतात.

विद्यार्थी मित्रांनो, प्रक्षेपणासाठी केंद्रीय दूरसंचार विभागाची परीक्षा व परवाना आवश्यक आहे. ती तयारी आताच करावी, असे आम्हांस वाटते. पाड्यावर रुग्ण अडकल्यावर शिकायला वेळ मिळत नाही.