निद्रिताचे सामर्थ्य

इ. स. १७८४ मध्ये पॅरिसजवळच्या पासी या गावी, अमेरिकेचे वकील बेंजामिन फ्रँकलिन यांच्या निवासस्थानाच्या बागेत, वैद्यकाच्या इतिहासात चिरस्मरणीय ठरलेली एक परीक्षा झाली. डॉ. शार्ल देस्लाँ यांनी बागेतल्या एका जर्दाळूच्या झाडात आपली ‘चुंबकशक्ती’ भरून ठेवली होती. सुमारे बारा वर्षांच्या एका मुलाला डोळ्यांवर पट्टी बांधून बागेत आणण्यात आले आणि त्या झाडाकडे न नेता, ज्यांना देस्लाँ यांचा हातही लागलेला नव्हता अशा चार झाडांकडे एकामागून एक नेण्यात आले. पहिल्याच झाडापाशी त्याला घाम सुटला, खोकला आला. पुढे डोके जड झाले. आणि चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध होऊन पडला. ज्या झाडात शक्ती भरली होती ते झाड तेथून सुमारे चोवीस फूट दूर होते.

ही परीक्षा ज्याच्या सिद्धान्तासाठी योजली गेली तो फ्रान्झ आंतोन मेस्मर हा व्हिएन्ना येथील विद्यापीठाची पदवी घेतलेला वैद्य होता, मांत्रिक नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. कारण पुढील काळात त्याच्या नावाभोवती इतकी चेष्टा जमा झाली की, त्याने केलेले खरे कार्य तीत बुजून गेले. त्याच्या ऐन उमेदीच्या काळात गासनर नावाचा एक धर्मोपदेशक दक्षिण जर्मनीत अंगातील सैतान हाकलून शेकडो रोगी बरे करीत असे. १७७५ मध्ये बव्हेरियाच्या राज्यकर्त्याने या प्रकाराविषयी मेस्मरचे मत मागविले, तेव्हा त्याने असे उत्तर दिले की, रोगी बरे होतात ही गोष्ट खरी आहे, परंतु त्यात सैतानाचा संबंध नाही. अखिल विश्वात एक सूक्ष्म द्रव भरलेला असून शरीरात त्याचा प्रवाह कुंठित झाला म्हणजे रोग उद्भवतो व तो मोकळा झाला म्हणजे आरोग्य परत येते, आणि गासनर नकळत तेच करतो. ‘चुंबकशक्ती’ म्हणत ती या द्रवाचीच. हा द्रव पुढे काल्पनिक ठरला हे खरे. तथापि पिशाच्चाच्या जागी एक नैसर्गिक कारण आणून बसविणे, मग ते कारण चुकीचे का असेना, हे बुद्धिवादाच्या मार्गावरील पहिले पाऊल होते, आणि त्याचे श्रेय मेस्मरला नाकारणे अन्यायाचे होईल.

१७७८ मध्ये मेस्मर पॅरिसला आला. पाणी, काचेच्या बाटल्या आणि लोखंडाचा कीस भरलेल्या एका मोठ्या लाकडी पिंपाभोवती रोगी बसत, पिंपातून बाहेर आलेल्या लोखंडी सळया दुखऱ्या भागाला लावीत, आणि थोड्या वेळाने त्यांच्यापैकी कित्येकांना आचके येऊन ती मंडळी रडू, हसू किंवा किंचाळू लागत. उमराव घराण्यांतील स्त्रियांची तेथे इतकी गर्दी होऊ लागली की, अखेर सोळाव्या लुईने चौकशीसाठी एक मंडळ नेमले. फ्रँकलिन, रसायनशास्त्राचा जनक लाव्हाझिए, ज्योतिर्विद बायी आणि ज्याचे नाव लवकरच एका भयंकर यंत्राला चिकटणार होते तो डॉ. गियोताँ हे त्यात सभासद होते. मेस्मरने चौकशीत भाग घेण्याचे नाकारले, म्हणून त्याचा शिष्य देस्लाँ याच्या उपचारांवरच प्रयोग झाले. लाव्हाझिएच्या घरी एका बाईला साध्या पाण्याचे पेले ‘चुंबकित’ म्हणून देण्यात आले, तेव्हा चौथ्या पेल्याला तिला झटका आला. मग तिने पिण्यास पाणी मागितले आणि खरोखर ‘चुंबकित’ केलेला पेला तिच्या हाती दिला, तो तिने शांतपणे रिकामा केला! मंडळाने अहवालात निर्वाळा दिला की, चुंबकत्वावाचून कल्पना झटके उत्पन्न करू शकते, परंतु कल्पनेवाचून चुंबकत्व काहीच उत्पन्न करू शकत नाही.

डोळ्यांवर पट्टी बांधून, रोग्यापासून खरी गोष्ट लपवून उपचाराची पारख करण्याची ही रीत आजच्या औषधपरीक्षणाची पूर्वज आहे, आणि तिच्याविषयी जितका आदर बाळगावा तितका थोडाच. परंतु त्या थोर पुरुषांनी एक प्रश्न विचारावयाचा तेवढा राहून गेला. केवळ कल्पना जर एका मुलाला बेशुद्ध पाडू शकते, तर ती कल्पना म्हणजे केवढी प्रचंड शक्ती असली पाहिजे, आणि जी शक्ती झटका आणते तीच वेदना शमविण्यास का वापरू नये? मंडळाने ‘कल्पना’ हा शब्द निकालाचा शेवट म्हणून लिहिला. वास्तविक तेथूनच खऱ्या चौकशीला आरंभ व्हावयास हवा होता. दुसऱ्या एका सरकारी मंडळावरील वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युसिए याला एवढ्याने समाधान झाले नाही व त्याने आपले भिन्न मत स्वतंत्रपणे नमूद केले, परंतु त्याचे ऐकणार कोण?

त्याच वर्षी स्वासाँजवळच्या ब्युझाँसी या आपल्या जहागिरीत मार्की द प्युझेग्यूर या मेस्मरशिष्याने व्हिक्तर रास नावाच्या एका तरुण कुळावर उपचार केला, तेव्हा त्याला झटके न येता शांत झोप लागली, आणि त्या झोपेत तो बोलू लागला, प्रश्नांची समंजस उत्तरे देऊ लागला. जागा झाल्यावर मात्र त्याला काही आठवेना. येथे झटक्यांचे पर्व संपून निद्रेचे पर्व सुरू झाले. परंतु ती निद्रा कोण आणतो, या प्रश्नाचे प्युझेग्यूरचे उत्तर होते: उपचार करणाऱ्याची इच्छाशक्ती. द्रवाचे महत्त्व काहीसे कमी झाले, तरी सत्ता अद्याप उपचारकाच्याच हाती होती.

ती सत्ता त्याच्या हातून काढून घेणारा पुरुष गोव्याचा होता.

जुझे कुस्तोदियु द फारिया याचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बारदेश महालातील कांदोळी येथे झाला. घराणे मूळचे सारस्वत ब्राह्मणांचे, पूर्वी कधी ख्रिस्ती झालेले. आणि त्या मुळाचा त्याला इतका अभिमान होता की, उतारवयात पॅरिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्याने स्वतःला ‘ब्राह्मण’ म्हणविले आहे. आईवडिलांचे पटेना, म्हणून ते विभक्त झाले. वडील कायतानु व्हितोरिनु यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली, आई जोगीण होऊन मठात गेली, आणि १७७१ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन वडील लिस्बनला निघाले. पुढे रोममध्ये त्याचे शिक्षण झाले व १७८० मध्ये त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. एक आख्यायिका गोव्यात अद्याप सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करण्यास तो उभा राहिला आणि भरलेला दरबार पाहून त्याची वाचा बसली. तेव्हा जवळच असलेल्या वडिलांनी हळूच कोंकणीत सांगितले की, ही सगळी भाजी आहे, काप रे भाजी. त्यासरशी भीती गेली व प्रवचन अस्खलित झाले. एका वाक्याने माणसाची अवस्था क्षणात कशी पालटते याचा हा अनुभव त्याच्या चित्तावर कायमचा उमटला असावा, असे त्याचे चरित्रकार मानतात. आख्यायिकेचे प्रमाण किती धरावे हा प्रश्न असला, तरी तिचा रोख अचूक आहे.

१७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंतो घराण्याच्या नावाने प्रसिद्ध असलेला कट उघडकीस आला, कित्येकांना फाशी झाली आणि लिस्बनमधील गोवेकर धर्मोपदेशकांवर संशयाची छाया पडली. १७८८ मध्ये फारिया पॅरिसला गेला. राज्यक्रांतीची धामधूम त्याने तेथे पाहिली, तीत भागही घेतला. १८११ मध्ये मार्सेयच्या विद्यालयात तो तत्त्वज्ञानाचा अध्यापक झाला व तेथील वैद्यक मंडळाने त्याला सभासद करून घेतले. या सगळ्या वर्षांत तो प्युझेग्यूरच्या पंथाचा अभ्यास करीत होता आणि त्यातील एक एक गृहीतक पारखून टाकून देत होता.

१८१३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावरील एका दिवाणखान्यात त्याने ‘सचेत निद्रे’वर जाहीर व्याख्याने सुरू केली. दर गुरुवारी सभा भरे. प्रवेशमूल्य पाच फ्रँक. तेथे पिंप नव्हते, लोहदंड नव्हते, वाद्ये नव्हती, हातवारेही नव्हते. सावळ्या वर्णाचा तो उंच धर्मोपदेशक प्रेक्षकांतील एखाद्याला आरामखुर्चीत बसवी, डोळे मिटून निद्रेवर चित्त एकाग्र करावयास सांगे, आणि क्षणभर थांबून खणखणीत स्वरात आज्ञा देई: ‘झोपा!’ काहींना तत्क्षणी निद्रा लागे. एकदोन वेळा आज्ञा देऊनही जो झोपत नसे, त्याला तो आपल्या उघड्या तळहाताकडे टक लावून पाहावयास सांगून हात हळूहळू जवळ आणी. निद्रिताला साधे पाणी मद्यासारखे लागे, त्याचा हात आज्ञेसरशी लुळा पडे, आणि जागे झाल्यावरही दिलेल्या सूचनेचा अंमल काही काळ टिके.

असे चमत्कार दाखविणारे इतरही होते. फारियाचे वैशिष्ट्य असे की, चमत्कार दाखवून झाल्यावर तो स्वतःच सांगे की, माझ्यात कसलीही शक्ती नाही. द्रव नाही, चुंबकत्व नाही, माझ्या इच्छेलाही येथे अधिकार नाही. निद्रेचे कारण निद्रिताच्या ठायी आहे, त्याच्या एकाग्रतेत, अपेक्षेत आणि विश्वासात आहे, आणि ज्याची मूळ प्रकृती अनुकूल नाही त्याला मी काय, कोणीही झोपवू शकणार नाही. पुढे जाऊन त्याने असेही लिहिले की, निरुपयोगी औषधानेही रोग्याला गुण येतो तो त्याच्या विश्वासामुळे. आपल्या सामर्थ्याची जाहिरात करून पैसा मिळविण्याच्या त्या काळात, भर सभेत आपले सामर्थ्य नाकारणाऱ्या या मनुष्याचे बौद्धिक धैर्य मला असामान्य वाटते. त्याची सर्वच मते टिकली नाहीत. ज्यांचे रक्त पातळ ते लवकर निद्रावश होतात, असे तो समजे, आणि ते चूक ठरले. मूळ विचार मात्र अढळ राहिला.

परंतु हा विचार कोणालाच रुचणारा नव्हता. चुंबकपंथीयांना तो घरभेदी वाटला, धर्ममार्तंडांना त्यात सैतानाचा हात दिसला, आणि ज्यांचा अशा विद्येवरच विश्वास नव्हता त्यांनी त्याला इतर भोंदूंच्या रांगेत उभे केले. १८१६ मध्ये रंगभूमीवर त्याचे विडंबन करणारे एक प्रहसन आले आणि त्यामुळे त्याची व्याख्याने संपुष्टात आली. एका मुलींच्या शाळेत धर्मोपदेशकाची नोकरी धरून त्याने अखेरची वर्षे ग्रंथलेखनात घालविली. ग्रंथाचा पहिला खंड १८१९ मध्ये निघाला आणि त्याच वर्षीच्या २० सप्टेंबरला तो पॅरिसमध्ये निवर्तला. त्याचे दफन कोठे झाले त्याची खूणही राहिली नाही. पुढे अलेक्झांद्र द्यूमाने ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या कादंबरीत त्याचे नाव एका इटालियन बंदिवान धर्मोपदेशकाला दिले, आणि खऱ्या फारियाला जी कीर्ती मिळाली नाही ती त्या काल्पनिक फारियाला मिळाली.

विचार मागे पडला, तरी व्यवहार थांबला नाही. बंगालमध्ये हुगळीच्या इस्पितळात जेम्स एस्डेल हा स्कॉटिश शस्त्रवैद्य होता; त्याने ४ एप्रिल १८४५ रोजी एका हिंदू कैद्याच्या असह्य वेदना शमविण्यासाठी, केवळ ग्रंथ वाचून माहीत असलेला मेस्मरचा प्रयोग करून पाहिला, आणि तो साधला. त्यानंतर त्याने, व त्याच्या हाताखालच्या हिंदू-मुसलमान साहाय्यकांनी, अंधाऱ्या खोलीत तासन्‌ तास रोग्यावर हात फिरवून त्याला निद्रा आणावी आणि एस्डेलने हत्तीरोगाच्या अवजड गाठी कापून काढाव्या, असा क्रम चालला. १८४६ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने काही शस्त्रक्रिया वेदनारहित झाल्याचे मान्य केले, आणि कलकत्त्यात या उपचारासाठी एका छोट्या इस्पितळाला मंजुरी मिळाली. परंतु त्याच वर्षी बोस्टनमध्ये ईथरचा व पुढच्या वर्षी एडिंबरोत क्लोरोफॉर्मचा प्रयोग झाला. जे काम करण्यास तास लागत ते काही मिनिटांत होऊ लागले, आणि एस्डेलची विद्या निष्प्रयोजन ठरली. दुःखाची गोष्ट ही की, एस्डेल अखेरपर्यंत अदृश्य द्रवावरच विश्वास ठेवून होता. त्याचे कर्तृत्व त्याच्या उपपत्तीपेक्षा फार मोठे होते.

मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने १८४१ च्या नोव्हेंबरात लाफाँतेन नावाच्या फिरत्या प्रयोगकाराचे प्रयोग पाहिले, ते लबाडी पकडण्याच्या इराद्याने. परंतु निद्रिताच्या पापण्या खरोखरच उघडत नाहीत हे त्याच्या नजरेत भरले. घरी येऊन त्याने एका मित्राला मद्याच्या बाटलीच्या तोंडाकडे टक लावून पाहावयास सांगितले आणि तीन मिनिटांत मित्राचे डोळे मिटले. बाटलीला कसली इच्छाशक्ती? १८४३ मध्ये ब्रेडने ग्रंथ लिहून या अवस्थेला ‘हिप्नॉटिझम’ (संमोहन) हे नाव प्रचारात आणले, आणि निदान या नावामुळे तरी ही विद्या वैद्यांच्या पंगतीत बसण्यास योग्य झाली.

फारियाच्या विचाराचा धागा मात्र फ्रान्समध्येच पुढे गेला. नान्सी येथील लिएबो हा ग्रामीण वैद्य रोग्यांना सांगे की, औषध हवे असेल तर पैसे द्या, संमोहन फुकट. आणि गरीब शेतकरी साहजिकच दुसरा पर्याय पत्करीत. त्याचा १८६६ मधील ग्रंथ कोणी वाचला नाही. १८८२ मध्ये तेथील विद्यापीठाचे प्राध्यापक बेर्नहाइम साशंक मनाने त्याच्याकडे आले आणि शिष्य होऊन परतले. त्या काळी पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळातील शार्को यांचा दरारा एवढा होता की, संमोहन हा उन्मादी रोग्यांचाच एक विकार आहे, हे त्यांचे मत म्हणजे जणू शास्त्राचा अंतिम निकाल होता. बेर्नहाइम यांनी शेकडो रोग्यांच्या आधारे दाखविले की, ही अवस्था विकार नसून सामान्य मनाचा गुणधर्म आहे, आणि तिचे मूळ सूचनेत आहे. १८८९ मध्ये व्हिएन्नाहून सिग्मंड फ्रॉइड हे पाहण्यासाठी नान्सीला येऊन गेले, आणि १८९२ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या समितीने संमोहनावस्था खरी असल्याचा निर्वाळा दिला.

सूचनेचा सिद्धान्त प्रथम मांडल्याचे श्रेय बेर्नहाइम यांनी मोकळ्या मनाने फारियाला दिले. १९०६ मध्ये गोव्याचे डॉ. दालगादु यांनी फारियाचे चरित्र पॅरिसमध्ये प्रसिद्ध केले व त्याच्या ग्रंथाची नवी आवृत्तीही काढली. १९२५ मध्ये पोर्तुगीज मज्जातंतुवैद्य एगाश मोनीश यांनी संमोहनाच्या इतिहासातील त्याच्या स्थानावर पुस्तक लिहिले. आणि १९४५ मध्ये पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारी शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला त्याचा पुतळा उभा राहिला.