किंचित हलता सूर

ट्रान्स संगीत म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गोव्यातल्या हणजुण्याचा किनारा आणि पहाटेपर्यंतचा धडधडाट येतो. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत आलो, लावण्यांपासून ‘आराधना’च्या गाण्यांपर्यंत. या संगीताशी माझा संबंध नाचण्यातून आला नाही, यंत्रांमधून आला. म्हणून त्याबद्दल सांगताना मी यंत्रांपासूनच सुरुवात करतो.

तबल्याच्या एकल वादनात पेटीवर किंवा सारंगीवर नगमा फिरत राहतो. तो बदलत नाही, बदलतो तो तबला. ट्रान्समध्ये हे सगळं उलटं आहे. ठेका ठाम असतो, मात्रा चुकत नाही, आणि बदलतो तो नगमा. त्याचे स्वर मात्र बदलत नाहीत. सीक्वेन्सर नावाचं यंत्र आठ किंवा सोळा स्वरांची एक साखळी पुन्हा पुन्हा वाजवतं आणि वादक फिल्टरचा नॉब हळूहळू फिरवत राहतो. फिल्टर बंद असेल तर आवाज घुमा, दबलेला येतो. तो उघडत गेला की त्याच स्वरांना धार चढते. प्रोग्रेसिव्ह ट्रान्स तर या सावकाश उघडण्यावरच उभा आहे. घाई झाली की सगळं संपलं.

ही पद्धत १९७०च्या दशकात बर्लिनच्या टँजरिन ड्रीम या गटाने रुजवली. त्यांचा ‘फेड्रा’ हा अल्बम १९७४ साली आला. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशरमध्ये, मॅनर स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला. त्यात ख्रिस्टोफर फ्रांके यांनी मूग सिंथेसायझर सीक्वेन्सरवर चालवला आहे. मूग तापत गेला तसा त्याचा सूर सरकत गेला, आणि ते सरकणं ध्वनिमुद्रणात तसंच राहिलं. नीट ऐकलं तर आजही ते कळतं.

हे सरकणं मला वाचून नव्हे, हातांनी कळलेलं आहे. जुन्या अॅनालॉग सिंथेसायझरमध्ये सूर ठरतो तो विजेच्या दाबावर, आणि ज्या ट्रान्झिस्टरमधून तो दाब जातो त्याच्यावर तापमानाचा परिणाम होतो. मे महिन्यात उघड्या मैदानावर दुपारी लावलेला सूर रात्री कार्यक्रम सुरू होईपर्यंत तिथे नसायचा. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक बोलत असताना आम्ही हेडफोन कानाला लावून तो परत जागेवर आणायचो. पुढे डिजिटल कीबोर्ड आले, हा त्रास गेला, आणि कित्येक वादकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्या नव्या आवाजांमध्ये काहीतरी निपचित पडल्यासारखं वाटायचं, हेही तितकंच खरं.

दोन यंत्रं एकच स्वर वाजवत असतील आणि त्यांच्यात अगदी किंचित अंतर असेल, तर त्या अंतरातून आवाजाला एक संथ हेलकावा मिळतो. तसाच हेलकावा एकट्या यंत्रातूनही काढता येतो. फ्रान्सच्या जाँ-मिशेल जार यांनी १९७६ साली ‘ऑक्सिजन’ हा अल्बम केला तो पॅरिसमधल्या राहत्या घरी, आठ ट्रॅकच्या टेपवर. त्यात एमिनंट नावाच्या साध्या ऑर्गनचे तंतुवाद्यांसारखे सूर त्यांनी फेझर या छोट्या पेटीतून काढले, आणि तो ऑर्गन श्वास घेऊ लागला. तालासाठी कॉर्गचं मिनी पॉप्स हे यंत्र होतं. त्यात एका वेळी एकच ठेका वाजावा अशी सोय, म्हणून त्यांनी दोन बटणं चिकटपट्टीने दाबून धरली आणि दोन ठेके एकत्र वाजवले. असली युक्ती ज्याला सुचते त्याला यंत्राचं मन कळलेलं असतं.

वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, रोलँड कंपनीने जेपी-८००० बाजारात आणला. त्यात ‘सुपरसॉ’ नावाचा आवाज होता. एकाच स्वरासाठी सात लहरी, एकमेकींपासून जराजराशा सरकवलेल्या. जो दोष आम्ही उन्हाला शिव्या देत दुरुस्त करायचो, तोच इथे मोजून मापून विकायला ठेवला होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीचा युरोपातला ट्रान्स या आवाजाशिवाय कल्पनेतही आणता येत नाही.

हे सगळे धागे मला एकत्र सापडले ते जार यांच्याच ‘इलेक्ट्रॉनिका १ : द टाइम मशीन’मध्ये. ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेला हा अल्बम सरसकट ट्रान्सचा नाही, पण ट्रान्सची वंशावळ त्यात नांदते. प्रत्येक रचनेत वेगळा साथीदार आहे. इंटरनेटवरून फायली पाठवून काम उरकण्याऐवजी जार स्वतः प्रत्येकाकडे गेले, शेजारी बसून काम केलं. ‘एअर’ या फ्रेंच जोडीबरोबरच्या ‘क्लोज युअर आइज’ या रचनेत तर कात्रीने कापून जोडलेल्या टेपपासून आयपॅडपर्यंतची साधनं वापरली आहेत. तरुणपणी पॅरिसमध्ये पिएर शेफेर यांच्या संशोधन गटात जार यांनी टेप कापूनच संगीत शिकलं होतं.

‘स्टारडस्ट’ ही रचना नेदरलँड्सच्या आर्मिन व्हॅन ब्यूरेनबरोबरची. ‘ऑक्सिजन’ आला त्याच डिसेंबरमध्ये, १९७६ साली, आर्मिनचा जन्म झाला. जार यांना तो आपला आदर्श मानतो, आणि ते प्रेम या रचनेत ऐकू येतं. तरीही ती मला थोडी जास्त घासूनपुसून ठेवलेली वाटते. आजच्या निर्मितीत किक ड्रमचा ठोका पडला की बाकीचे सगळे आवाज क्षणभर दबतात आणि लगेच उसळून वर येतात. त्यातूनच ती पंपासारखी गती मिळते. मैदानात हजारो लोकांसमोर हे उत्तम चालतं. पण ते दाबणं-सोडणं इतकं नेमकं झालं की आतल्या सुराला हलायला जागा उरत नाही.

‘झिरो ग्रॅव्हिटी’त ती जागा आहे. ही रचना टँजरिन ड्रीमबरोबरची, आणि हिच्यासाठी मी हा अल्बम कुणालाही ऐकवायला तयार आहे. गटाचे संस्थापक एडगर फ्रोझे जानेवारी २०१५ मध्ये गेले. अल्बम बाहेर पडलेला त्यांना पाहता आला नाही. इथे जुना सीक्वेन्सर शोभेला ठेवलेला नाही. रचनेचं सगळं ओझं त्यानेच उचललं आहे. आधुनिक ध्वनितंत्राने काय केलं, तर त्याच्याभोवतीची हवा मोकळी केली. खर्ज स्वच्छ आहे, दूरचे आवाज दूर आणि जवळचे जवळ आहेत. ‘फेड्रा’च्या काळी हे सगळं टेपच्या खरखरीत मिसळून जायचं.

याच रचनेला ‘अबव्ह अँड बियाँड’ या ब्रिटिश त्रयीने पुन्हा हात लावला, तिला ट्रान्सच्या ठेक्यावर आणलं. रीमिक्स म्हटलं की मी सावध होतो. मूळ गाण्याखाली ढोल बडवून ठेवण्याचा प्रकार आपण हिंदी गाण्यांच्या बाबतीत पुष्कळ सोसला आहे. इथे तसं घडत नाही. ठेका आला तरी साखळीला घाई नाही, तिचं उघडणं तिच्याच वेळेने होतं.

आज संगणकावरच्या सिंथेसायझरांमध्ये सूर मुद्दाम सरकवण्याची सोय असते. घरी लॅपटॉपवर ट्रान्स रचणाऱ्या तरुणांनी ती जरूर वापरावी, पण त्याआधी एकदा सलग बसून ‘फेड्रा’, मग ‘झिरो ग्रॅव्हिटी’, मग तिचा रीमिक्स असं ऐकावं. मोबाइलच्या स्पीकरवर नको. खर्ज त्यातून येतच नाही, आणि सीक्वेन्सरचं अर्धं काम खर्जातच चाललेलं असतं.