कोरपना : चार की सहा?

'कोरपना' या चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावाच्या नावात अक्षरं किती? पहिलीतलं पोरगंसुद्धा बोटांवर मोजून सांगेल: को, र, प, ना. चार. आता हाच प्रश्न कॉम्प्युटरला विचारा. तो म्हणतो, सहा!

ही गंमत पहिल्यांदा समोर आली तेव्हा मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलंय. वर्गात खेळायला एक बारकंसं साधन करत होतो. पेटीत शब्द लिहायचा, खाली अक्षरांची संख्या दिसायची, बस्स. 'जग' लिहिलं, दोन आले. 'कमळ' लिहिलं, तीन आले. म्हटलं जमलं! मग 'चांदा' लिहिलं, चंद्रपूरचं जुनं नाव. दोन अक्षरांचा शब्द, आणि आकडा आला पाच.

थांबा, उत्तराकडे जाण्याआधी ते साधन कसलं होतं ते सांगतो, कारण खरी मौज तिथूनच सुरू होते.

घरातला विजेचा बोर्ड आठवा. एक बटण, एक दिवा आणि मधली वायर. वर्गासाठीच्या साध्या वेब साधनाचा संसार एवढाच असतो. लिहायची पेटी म्हणजे बटण, आकडा दिसायची जागा म्हणजे दिवा. मधली वायर म्हणजे जावास्क्रिप्टची दोन-चार वाक्यं: पेटीत काही बदललं की मला हाक मार, मी मोजतो आणि खाली लिहितो. झालं साधन! हे सगळं एका फाइलीत मावतं, आणि ती फाइल असते एक-दोन केबीची. 'शुभ सकाळ'चं गुलाबाचं जे चित्र रोज तुमच्या फोनवर येऊन पडतं, ते हिच्या कितीतरी पट जड असतं. फाइल एकदा फोनच्या मेमरीत उतरवली की रेंज असो वा नसो, ब्राउझरमध्ये उघडते. माणिकगडच्या डोंगराकडे ज्यांनी फोन हातात उंच धरून रेंज शोधली असेल, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

आणि हे चालवणारं यंत्र विकत आणायचं नाही, ते आधीच खिशात आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जगासमोर ठेवलेलं वेब त्यांच्या संस्थेनं, म्हणजे सर्ननं, ३० एप्रिल १९९३ रोजी सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. जावास्क्रिप्टचा पहिला नमुना ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये दहा दिवसांत उभा केला. दहा दिवस! आपल्याकडे तेवढ्यात गणपती येऊन जातात.

आता त्या सहाकडे वळू.

कॉम्प्युटरला अक्षर दिसत नाही, त्याला फक्त आकडा कळतो. म्हणून युनिकोड नावाच्या व्यवस्थेनं जगभरातल्या लिप्यांमधल्या चिन्हांना कायमचे क्रमांक वाटून दिलेत. शेताच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो ना, तसंच समजा. देवनागरीचं मुख्य शिवार २३०४ पासून २४३१ पर्यंत, एकूण १२८ गटांचं. त्यात 'क' राहतो २३२५ वर. आणि 'को'? 'को'ला गट नंबरच नाही! 'ओ'ची मात्रा, म्हणजे तो काना आणि वरचा फराटा मिळून, वेगळ्या गटात राहते, २३७९ वर. त्यामुळे 'कोरपना' कॉम्प्युटरच्या दप्तरी असं नोंदलं जातं: २३२५, २३७९, २३५२, २३४६, २३४४, २३६६. मोजा. सहा. तो खोटं बोलत नव्हता, फक्त काना-मात्रांनाही डोकी समजून हजेरी घेत होता.

'चांदा'चे पाच कुठून आले ते आता तुम्हीच काढाल. च, त्याचा काना, त्यावरचा अनुस्वार, द आणि त्याचा काना.

विश्वास बसत नसेल तर फोन घ्या. 'कोरपना' लिहा आणि खोडायची कळ एकदाच दाबा. सहसा 'ना' जात नाही, नुसता काना जातो आणि 'कोरपन' उरतं. रोज करतो आपण हे. त्या एका दाबात आपली लिपी उसवलेली दिसते, हे कधी लक्षात आलं होतं का?

याहून मजेची गोष्ट ऱ्हस्व वेलांटीची. 'पि' लिहिताना वेलांटी डावीकडे येते, उच्चार मात्र नंतर. कॉम्प्युटर उच्चाराच्या बाजूनं आहे. तो आधी 'प' साठवतो, मग वेलांटी. मग पडद्यावर ती डावीकडे जाते कशी? कुणीतरी उचलून ठेवतं! हे काम करणाऱ्या प्रणालीचं नाव हार्फबझ. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स सगळीकडे ती आहे. नाव फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे खुलं. हा लेख तुम्ही फोनवर वाचत असाल, तर यातली प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी कुणीतरी उचलून आपल्या जागी ठेवलेली आहे. तुमचा डोळा त्या ओळीवर पोचण्याआधीच.

मग पहिलीतल्या पोराचे चार बरोबर की यंत्राचे सहा? माझा निकाल पोराच्या बाजूनं. अक्षर म्हणजे काय हे त्याला कानानं कळतं. यंत्राला ते नंतर शिकवावं लागलं, आणि शिकवायला चांगलाच वेळ लागला. वाचणारा माणूस ज्याला 'एक' म्हणेल असे तुकडे पाडून देणारी सोय जावास्क्रिप्टला मिळाली ती क्रोममध्ये २०२० साली आणि फायरफॉक्समध्ये थेट २०२४ मध्ये. साधनातली मोजणीची ओळ बदलून ही सोय वापरली की 'कोरपना' चार आणि 'चांदा' दोन. हुश्श!

पण 'चंद्रपूर' अडायचं. आपण म्हणतो चं, द्र, पू, र. चार. युनिकोडच्या जुन्या नियमात 'द्र'चा पाय मोडलेला 'द' एकीकडे आणि 'र' दुसरीकडे पडायचा, म्हणून पाच. देवनागरीसारख्या लिप्यांतलं जोडाक्षर फोडायचं नाही, हा नियम मूळ प्रमाणात आला तो २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत. अक्षर या शब्दाचाच अर्थ झिजत नाही ते, नाश पावत नाही ते. आणि त्याचे किती तुकडे धरायचे यावर २०२३ सालापर्यंत काथ्याकूट चालू होता!

कोरपन्यात बसून हे साधन करायचं तर गोष्ट मराठीवर संपत नाही. पलीकडे तेलंगण. एकाच बाकावर घरी गोंडी बोलणारं, कोलामी बोलणारं आणि तेलुगू बोलणारं पोर बसू शकतं. सीमेपलीकडच्या आदिलाबाद जिल्ह्यात नारनूर मंडलात गुंजाला नावाचं गाव आहे. तिथं गोंडी भाषेची, स्वतःच्या वेगळ्या लिपीतली जुनी हस्तलिखितं सापडली. त्या गावाच्या नावानंच ती लिपी आज ओळखली जाते, गुंजाला गोंडी. तिला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये गट नंबर मिळाले. बालाघाटच्या मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली दुसरी गोंडी लिपी त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये आत आली. म्हणजे तिची नोंद व्हायला ९९ वर्षं लागली.

आता आपल्या पहिल्या, भोळ्या साधनात गुंजाला लिपीतलं एकच अक्षर टाका. मात्रा नाही, अनुस्वार नाही, नुसतं एक अक्षर. उत्तर येतं दोन! हे काय नवीन?

दोष त्या घाईच्या १९९५ सालाचा. तेव्हा जगातल्या सगळ्या चिन्हांना ६५,५३६ जागा पुरतील असा समज होता आणि जावास्क्रिप्टचं मोजमाप त्यावर बेतलेलं राहिलं. १९९६ मध्ये युनिकोडनं शिवार वाढवून ११,१४,११२ जागांचं केलं. मागून आलेल्यांना प्लॉट मिळाले ते या वाढीव वस्तीत, आणि तिथल्या प्रत्येक चिन्हाला जावास्क्रिप्ट दोन खणांत साठवतं. गोंडी लिपी त्याच वस्तीत आहे. शेजारी कोण? फोनवरचे हसरे-रडके चेहरे! म्हणून हसरा चेहराही दोन आणि गोंडी अक्षरही दोन. मोजणीची ओळ बदललेलं आपलं साधन मात्र दोघांनाही एकच धरतं.

साधन झालं. ते मुलांच्या धड्यात कसं बसवायचं? नथीत मोती जडवतात तसं. डिसेंबर १९९७ मध्ये आलेल्या एचटीएमएल ४.० च्या प्रमाणात आयफ्रेम नावाची एक खूण आहे. तुमच्या पानावर एक ओळ लिहायची: इथं एवढी रुंद, एवढी उंच चौकट काढ आणि तिच्यात अमुक पत्त्यावरचं पान दाखव. पानातच दुसरं पान उघडतं, जिवंत, बोट लावलं की हलणारं. बातमीच्या मधोमध यूट्यूबचा व्हिडिओ पाहता तो बहुधा असाच बसवलेला असतो. कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट प्रकल्पातले विज्ञानाचे खेळ, विजेचं सर्किट जोडण्यापासून अपूर्णांकांपर्यंत, असेच कुठल्याही पानात बसतात, आणि त्यातले कितीतरी मराठीत आहेत.

पण परक्याचं पान आपल्या पानात घ्यायचं, धोका नाही का? इथं ब्राउझरची शिस्त बघण्यासारखी आहे. पाहुणा आला तर त्याला सपरीत बसवतात. चहा-पाणी मिळतं, गप्पा होतात, पण आत चुलीवर काय शिजलंय ते त्याला दिसत नाही. दुसऱ्या पत्त्यावरून चौकटीत आलेल्या पानाचं तसंच. बाहेरच्या पानावर मुलाचं नाव, गुण काहीही असो, त्याला ते वाचता येत नाही. फक्त निरोप धाडायची सोय असते. "माझा मजकूर वाढला, जरा उंच जागा द्या," असं आतलं पान सांगतं आणि घरधनी पटलं तर चौकट मोठी करतो.

असल्या गोष्टींना मोठी प्रयोगशाळा लागते हा समज सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीनं कधीच मोडला. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवून पानामागे आवाज आणि चित्रं उघडली आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्या गावात आला.

एक सल्ला मात्र ऐका. साधन साध्या एचटीएमएलमध्येच करा, कुठल्या एका कंपनीच्या प्लगइनवर विसंबू नका. फ्लॅशमध्ये केलेले शाळेचे असंख्य खेळ ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश बंद झाल्यावर ब्राउझरमध्ये चालेनासे झाले. उलट जगातल्या पहिल्या संकेतस्थळाची सर्ननं जपलेली प्रत आजही तुमच्या फोनवर उघडते.

तर फाइल करा, पेटी ठेवा आणि पहिल्या दिवशी मोजणीची ओळ मुद्दाम चुकीचीच राहू द्या. मुलांना आधी आपल्या गावाचं नाव बोटांवर मोजायला लावा, मग पेटीत लिहायला सांगा. गडचांदूरवाल्यांनो, तुमचे पाच की आठ, ते तुम्हीच बघा.