घरचे व्हिडिओ कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवायचे? एच.२६४, एच.२६५ की एव्ही१?

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून पुढे निघते आणि इंदापूर तालुक्यातल्या बेलवाडीत गोल रिंगण होतं. माळेगाव बुद्रुक आणि आसपासच्या गावांतली पोरं तिथं मोबाईल उंच धरून उभी असतात. घरी आल्यावर मात्र प्रश्न पडतो: स्टोरेज फुल्ल! आता हे व्हिडिओ ठेवायचे कसे?

आधी थोडं गणित करू. फुल एचडी फ्रेम म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले तर एक फ्रेम साधारण ६ एमबीची होते. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे मिनिटाला ११ जीबी! मोबाईल तेच मिनिट शे-सव्वाशे एमबीत बसवतो. कसं? घोडा धावतो, पण मागचं आभाळ तेच असतं. म्हणून प्रत्येक फ्रेम पूर्ण न लिहिता बहुतेक वेळा फक्त बदललेला भाग लिहिला जातो. हे काम करतो तो कोडेक.

रिंगणात धूळ, पताका, माणसं सगळंच हलत असतं. त्यामुळे बिटरेट फार कमी केला की इथेच चौकोन चौकोन दिसायला लागतात.

एमपी४ हा नुसता डबा आहे

डबा सारखाच, पण आतली भाजी वेगळी असू शकते. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावल्यावर आवाज येतो पण चित्र दिसत नाही, तेव्हा बहुतेक वेळा आतला कोडेक टीव्हीला झेपत नसतो.

- एच.२६४ (२००३): जुना टीव्ही, जुना लॅपटॉप, जवळपास सगळीकडे चालतो. फाईल मोठी.
- एच.२६५ किंवा एचईव्हीसी (२०१३): तेवढ्याच क्वालिटीला साधारण निम्मी जागा. जुन्या उपकरणांवर अडतो.
- एव्ही१ (२०१८): फाईल आणखी लहान, रॉयल्टीची भानगड नाही. पण कन्व्हर्ट करायला वेळ लागतो आणि नवीनच उपकरणं लागतात.

मग करायचं काय?

१. नवा फोन असेल तर कॅमेरा सेटिंगमध्ये शूटिंगआधीच एच.२६५ निवडा. नंतर कन्व्हर्ट केलं की प्रत्येक वेळी थोडी क्वालिटी जातेच, आणि गेलेली परत येत नाही.

२. मूळ फाईल आहे तशी दोन ठिकाणी ठेवा. हार्ड डिस्क आणि क्लाउड, किंवा दोन हार्ड डिस्क.

३. टीव्हीवर दाखवायला वेगळी कॉपी बनवा: एमपी४, एच.२६४, आवाज एएसी. लॅपटॉपवर हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फुल एचडीसाठी त्यातला आरएफ आकडा २० ते २२ ठेवा. आकडा जितका कमी, तितकी क्वालिटी जास्त आणि फाईल मोठी.

४. पेन ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर जाणारच नाही. एक्सफॅट वापरा, पण टीव्हीला ते वाचता येतं का ते आधी बघा.

५. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबला जातो. मूळ क्वालिटी हवी असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ग्रुपवर टाकलाय म्हणून फोनमधला मूळ व्हिडिओ उडवू नका.

आणि एक, डिलीट करण्याआधी कॉपी उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट बघा. रिंगण पुढच्या वर्षी पुन्हा होईल, पण यंदा त्यात फुगडी खेळलेली आजी पुन्हा शूट करता येईलच असं नाही.