बेचाळीस अंशांच्या आसपास

इथिलअमोनियम नायट्रेट हे मीठ आहे, पण ते खोलीच्या तापमानाला द्रवच असते. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये त्याची नोंद केली तेव्हा वितळबिंदू १२ अंश सेल्सियस सांगितला होता. ते ऑक्टॅनॉलमध्ये योग्य प्रमाणात मिसळले तर ४२ अंशांच्या वर एकजीव, पारदर्शक द्राव मिळतो. त्याखाली उतरले की जड मीठ खाली आणि हलके ऑक्टॅनॉल वर, असे दोन थर होतात. या फुटण्याच्या अगदी उंबरठ्यावर, म्हणजे क्रांतिक बिंदूजवळ, द्रावाची श्यानता, म्हणजे दाटपणा, मोजण्याचे काम मी करतो.

पहिली अडचण पाण्याची. हे मीठ हवेतली ओल भराभर शोषते आणि किंचित पाणी शिरले तरी फुटण्याचे तापमान सरकते. म्हणून मीठ निर्वातात सावकाश सुकवायचे, आणि नायट्रेट असल्यामुळे जास्त तापवायचे नाही. मिश्रणाचे प्रमाण तपासायची रीत मात्र सोपी आहे आणि मला फार आवडते. थोडा द्राव बंद नळीत घालून हळूहळू थंड करायचा. थरांमधली रेघ नळीच्या मध्यावर उमटली तर प्रमाण क्रांतिक. तळाशी किंवा वरच्या टोकाला उमटली तर पुन्हा वजन करायला बसायचे.

मग उब्बेलोहडे व्हिस्कोमीटर. तोंडांवर सुकवणाऱ्या नळ्या लावून तो पाण्याच्या बाथमध्ये गळ्यापर्यंत बुडवायचा, सिरिंजने द्राव वरच्या फुग्यात खेचायचा आणि सोडून द्यायचा. द्रावाची वरची कड पहिल्या खुणेवरून दुसऱ्या खुणेपर्यंत यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. वेळेला नळीच्या स्थिरांकाने आणि द्रावाच्या घनतेने गुणले की श्यानता मिळते. व्हिस्कोमीटरच्या बारीक केशनलिकेत एक बुडबुडा अडकला की ती फेरी गेली.

बाथचे तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत स्थिर लागते, आणि तेवढ्यानेही भागत नाही. क्रांतिक बिंदूजवळ द्राव स्वतःच आळसावतो. मिठाने समृद्ध आणि ऑक्टॅनॉलने समृद्ध असे पुंजके सतत घडतात आणि मोडतात. बिंदू जवळ येईल तसे ते मोठे होत जातात आणि विरायला जास्त वेळ घेतात. तापमान बदलल्यावर थर्मामीटर केव्हाच स्थिरावतो, द्राव मात्र तासन् तास घेतो. नवे विद्यार्थी इथे घाई करतात आणि आलेखावर त्यांचे बिंदू विखुरतात. थांबण्याला मी प्रयोगातले खरे कौशल्य मानतो.

शेवटी द्राव धूसर होऊ लागतो. थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू ३१ अंशांजवळ दाखवला, आणि अशा बिंदूंजवळच्या धूसरपणाचे कारण स्मोलुकोव्स्की आणि आइन्स्टाइन यांनी १९०८ ते १९१० या काळात सांगितले. पुंजक्यांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळ गेला की प्रकाश विखुरतो.

पुंजक्यांची ही वाढ प्रचंड असते. बिंदूपासून ३ अंशांवरून अंशाच्या ३ सहस्रांशावर आलो तर पुंजक्यांची लांबी सत्तर-ऐंशी पट होते. श्यानता मात्र तेवढ्याच प्रवासात साधारण ३५ टक्केच चढते, कारण बिंदूपासूनचे अंतर कमी होताना ती ज्या घातांकाने वाढते तो ०.०४ च्या आसपास आहे. त्यातच कोणताही असा द्राव नुसता थंड केला तरी दर अंशाला दोन-तीन टक्क्यांनी दाटतो. ही साधी पार्श्वभूमी वजा केल्याशिवाय खरी वाढ दिसत नाही. त्यासाठी बिंदूपासून कितीतरी दूर, पंचवीस-तीस अंश वरपर्यंत मोजमाप करावे लागते. सर्वात कंटाळवाणी, काहीच न घडणारी ती रीडिंगच सर्वात मोलाची ठरतात. पार्श्वभूमीची वक्ररेषा जराशी चुकीची बसली तर हवा तो घातांक सहज काढता येतो, आणि मग आकडा आपल्या इच्छेचा असतो, द्रावाचा नसतो.

एवढा खटाटोप एका प्रश्नासाठी. साध्या द्रवांत रेणूंचे आकर्षण थोड्या अंतरात संपते, आयनांचे कूलंब बल मात्र दूरवर पोचते. मग आयनी द्राव निराळ्या नियमाने फुटतो का? १९९० मध्ये बर्कलेच्या केनेथ पिट्झर आणि राजीव सिंग यांनी डायफिनाइल ईथरमधल्या एका मिठासाठी ‘होय’ असे म्हणण्यासारखे उत्तर दिले. बिंदूखाली दोन थरांमधला फरक ज्या घातांकाने वाढतो तो त्यांना ०.५ च्या जवळ मिळाला, साध्या द्रवांत तो ०.३२६ च्या जवळ असतो. मायकेल फिशर यांच्यासारखे सैद्धांतिक भौतिकज्ञ या प्रश्नात उतरले. पुढे त्याच द्रावाची मोजमापे पुन्हा झाली आणि घातांक साध्या द्रवांसारखाच निघाला. डिबाय आणि ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये मांडलेली गोष्ट इथे कामी येते: प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचे आवरण जमते आणि दूरचे बल झाकले जाते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही पाणी, मेथिलपिरिडीन आणि सोडियम ब्रोमाइडच्या मिश्रणावर याच वळणाची मोजमापे झाली, आणि मीठ वाढवले की साध्या द्रवांच्या वर्तनातून निराळ्या वर्तनाकडे सरकणारी संक्रमणे दिसली. म्हणून मला ‘साधे की निराळे’ हा प्रश्न अपुरा वाटतो. बिंदूपासून किती दूर गेल्यावर वर्तन बदलते, हे विचारायला हवे.

बिंदूच्या अगदी जवळ मात्र केशनलिका स्वतःच आड येते. वाहणारा द्राव पुंजके ताणतो, आणि ते पुरेसे मोठे व आळशी झाले की प्रवाह त्यांना मोडून टाकतो. बिंदूला अगदी चिकटून मोजलेली श्यानता त्यामुळे कमी येते. गुरुत्वही जड भाग खाली ओढते. या दोन्हींपासून सुटका म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेच्या डिस्कव्हरी यानातून झेनॉनचा नमुना कक्षेत नेला आणि हळुवार हलणाऱ्या जाळीने त्याची श्यानता मोजली. घातांक ०.०४३५ निघाला. आम्ही जमिनीवर असल्यामुळे शेवटच्या काही सहस्रांश अंशांतले बिंदू आलेखावर पोकळ वर्तुळांनी काढतो आणि समीकरण बसवताना वगळतो.