गळ्यातला टायटॅनियमचा चाकू
गळ्यात घालायचा चाकू दिवसभर छातीवर लोंबतो, म्हणून त्याच्या आराखड्यात वजनाचा विचार आधी येतो. टायटॅनियम निवडले जाते ते त्यासाठीच. नेहमी वापरला जाणारा 'ग्रेड ५' हा मिश्रधातू, म्हणजे टायटॅनियममध्ये ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. त्याची घनता प्रति घनसेंटिमीटर ४.४३ ग्रॅम, तर पोलादाची सुमारे ७.८५. घामाने तो गंजत नाही, हा अंगालगत बाळगायच्या वस्तूच्या दृष्टीने मोठाच गुण.

पण वजनाचा हिशेब एवढ्यावर संपत नाही. तेवढ्याच जोराने टायटॅनियम पोलादाच्या पावणेदोन पटींहून जास्त वाकते. पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढत असल्याने २.५ मिलिमीटर पोलादाची बरोबरी करायला ३ मिलिमीटर टायटॅनियम लागते. मुठीसकट १५ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद अशी पट्टी धरली, तर पोलादाची सुमारे ५९ ग्रॅम भरते आणि टायटॅनियमची ४०. म्हणजे घनतेच्या आकड्यांवरून निम्म्याच्या आसपास वाटणारी बचत प्रत्यक्षात एक तृतीयांशच उरते. पुढचे ग्रॅम आकारातूनच कमी करावे लागतात.

त्यासाठी आधी जाड पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा नमुना कापतात. तो गळ्यात अडकवून वाकून-बसून पाहिला की फाजील लांबी लगेच टोचते. मुठीवर तीन बोटे नीट बसली तरी पुरे. मुठीत भोके पाडून वजन आणखी घटवता येते, मात्र पाते आणि मूठ जिथे जुळतात तिथली जागा भरीव ठेवावी लागते, आणि आतले कोपरे गोलच हवेत. काटकोनी कोपऱ्यात ताण साठतो आणि तडा तिथूनच जातो.

पत्रा कापून झाला की फिरत्या घासपट्ट्यावर घासकाम. पोलादाच्या पिवळसर ठिणग्यांच्या जागी इथे डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडतात. या धातूतून उष्णता फार सावकाश पसरते, त्यामुळे पट्टा टेकतो नेमका तेवढाच भाग तापतो आणि पातळ कडेवर आधी सोनेरी, मग निळी झाक चढते. म्हणून पट्ट्याचा वेग कमी, दाब हलका आणि पाते वरचेवर पाण्यात बुडवणे. सुका बारीक भुगा साचू देणे धोक्याचे. तो पेटला तर पाणी मारायचे नाही, कारण तापलेल्या टायटॅनियमवर पाण्यातून हायड्रोजन सुटतो. कोरडी वाळू हाताशी ठेवावी लागते.

या कामात सर्वांत नाजूक निर्णय धारेचा. चाकूच्या पोलादाची कठिणता रॉकवेल 'सी' मोजपट्टीवर ५८ ते ६२ असते, ग्रेड ५ची ३६च्या आसपास. पोलादासारखे पाणी देऊन ती तिथवर नेता येत नाही. म्हणून पटाशीसारखा एकाच बाजूने उतार देतात आणि दुसऱ्या सपाट बाजूला कडेलगत टंगस्टन कार्बाइडचा थर चढवतात. विजेच्या थरथरत्या कार्बाइड कांडीच्या ठिणग्यांनी हा थर कणाकणाने धातूत रुजतो. भिंगाखाली ती कड खरखरीत, बारीक दातेरी दिसते. वापरात मऊ बाजू झिजते, कठीण थर पुढे डोकावत राहतो. म्हणून धार फक्त उताराच्या बाजूनेच लावायची. दोर, चिकटपट्टी, पुठ्ठा अशी धार झटकन कापते. लाकूड तासण्यासारख्या नाजूक कामाला मात्र पोलादच बरे, आणि ते ओळखूनच आराखडा करावा.

थर चढवण्याआधी रंग देता येतो. विद्युत्द्रावात बुडवून वीज सोडली की पृष्ठभागावर पारदर्शक ऑक्साइड तयार होते. त्याची जाडी व्होल्टेजवर ठरते आणि जाडीवर रंग. ३० व्होल्टच्या आसपास निळा, ६०च्या आसपास सोनेरी.

उरते म्यान. कायडेक्स या प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ करतात आणि पात्याभोवती फोममध्ये दाबून धरतात. चाकू मूठ खाली ठेवून लटकत असल्याने सारी भिस्त म्यानाच्या पकडीवर असते. पाते म्यानात घालून, मूठ खाली धरून जोराने हिसडे दिले तरी ते सुटता कामा नये, आणि अंगठ्याने म्यान रेटले की मोकळे व्हावे. गळ्यात जाड दोरीऐवजी मण्यांची साखळी घालतात. कुठे अडकून ओढ बसली तर ती आपोआप तुटते आणि गळा आवळला जात नाही.